त्याच्या नंबरचा फलक लावू नका

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. कृष्णेचं पाणी चढलं की पहिल्यांदा ज्या वस्त्यांत शिरतं, त्यातल्या एका वस्तीत आमचं तरुण मंडळ आहे आणि मी त्याचा सचिव आहे. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, गॅरेजवर काम करतो. 2019 च्या महापुरात तो जेमतेम विशीचा होता. ट्रकची ट्यूब आणि दोर घेऊन त्यानं म्हाताऱ्या माणसांना, एका बाळंतिणीला, लहान पोरांना बाहेर काढलं. 2021 ला परत तेच. तेव्हापासून कुणाच्या घरात साप निघो, सिलिंडर पेटो, नाहीतर चौकात दोन गाड्या धडकोत, फोन त्यालाच जातो. गणपतीत पोरांनी त्याचा लाल झग्यातला मोठा कटआउट उभा केला. सगळे त्याला सुपरहिरो म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात तो लेप्टोनं, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापानं, दवाखान्यात होता. त्याच आठवड्यात एक आजोबा उघड्या गटारीत पडले. पंधरा-वीस माणसं जमली आणि जो तो त्याचाच नंबर लावत राहिला. शेवटी बाहेरगावच्या एका रिक्षावाल्यानं उतरून आजोबांना वर घेतलं. दुसऱ्या दिवशी काही लोक त्या मुलाच्या आईला विचारायला गेले, फोन का उचलला नाही म्हणून. आणि दोन महिन्यांपूर्वी त्यानं चोर समजून एकाला रात्री धरलं, दोन कानाखाली वाजवल्या. तो माणूस चोर नव्हता, कुणाकडे तरी आलेला पाहुणा होता. आता पोलिसांत तक्रार झालीय आणि वस्ती म्हणतेय, मोर्चा काढू.

मंडळाचं असं ठरत आलंय, की त्याच्या नंबरचा मोठा फलक चौकात लावायचा आणि वर्गणी काढून त्याला मोटरबोट घेऊन द्यायची. त्याला विचारलं तर तो नुसतं ‘बघा तुम्ही’ म्हणतो. आमचं बरोबर चाललंय का?
— एक सचिव, सांगली

उत्तर : दादा, फलक लावू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण फलकाची ऑर्डर दिली असेल तर आधी ती थांबवा.

तुमच्या पत्रातली गटारीची घटना मी पुन्हा पुन्हा वाचली. पंधरा-वीस धडधाकट माणसं तिथे होती. गटार काही कृष्णेचं पात्र नव्हे. दोघांनी हात धरले असते आणि तिसरा उतरला असता तर काम झालं असतं. जो माणूस उतरला तो बाहेरगावचा होता, म्हणजे त्याच्याकडे तुमच्या सुपरहिरोचा नंबर नव्हता. ती माणसं वाईट होती असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे अशा वेळी धावणारा एक माणूस आहे ही सवय सहा-सात वर्षांत अंगात इतकी भिनलीय, की स्वतःचे हात आठवलेच नाहीत. फलक लावलात तर हीच सवय पक्की होईल, आणि तो एकदा फोन उचलू शकला नाही तर त्याच्या आईच्या दारात दहाऐवजी शंभर माणसं येतील.

शहरात एखादा सुपरहिरो राहायला लागला की काय होतं, हे सिनेमात कळत नाही. काही शहरांनी ते प्रत्यक्ष पाहिलंय. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये 2010 नंतर काही वर्षं फिनिक्स जोन्स हे नाव घेतलेला एक तरुण काळा-सोनेरी चिलखती पोशाख आणि मुखवटा घालून रात्रीची गस्त घालायचा. तो मिश्र मार्शल आर्ट्समध्ये लढणारा होता, म्हणजे अंगात ताकद होती आणि धाडसही होतं. त्याच्याबरोबर तशाच पोशाखातले आणखी काही जण असायचे. ऑक्टोबर 2011 मध्ये एका रात्री, रस्त्यावर मारामारी चाललीय असं समजून तो एका घोळक्यात घुसला आणि त्यानं पेपर स्प्रे मारला. त्या लोकांचं म्हणणं, आम्ही मारामारी करतच नव्हतो. त्या रात्रीचं चित्रीकरण होतं, तरीही दोन्ही बाजूंच्या हकिकती शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. त्याला अटक झाली. पुढे आरोप ठेवले गेले नाहीत, पण न्यायालयात मुखवटा उतरवावा लागला आणि खरं नाव सगळीकडे झालं. पोलीस लोकांना सांगत होते, की काही दिसलं तर 911 या तातडीच्या नंबरला फोन करा. 2014 मध्ये त्यानं आपला गट मोडला. हे वाचताना मला तुमचा मुलगा आणि तो पाहुणा डोळ्यांसमोर आले. अंधारात, घाईत, एकट्यानं ठरवायचं असेल तर चांगल्या मनाचा माणूसही चुकीच्या माणसाची कॉलर धरतो. आणि मग त्याला सावरायला मागे कोणी नसतं, कारण तो कुठल्याच व्यवस्थेचा भाग नसतो.

याच्या उलट मेक्सिको सिटी. तिथली गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या वस्तीच्या फार जवळची आहे. 19 सप्टेंबर 1985 ला तिथे प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्लातेलोल्को वसाहतीत न्यूवो लिओन नावाची मोठी इमारत कोसळली. सरकारी मदत यायच्या आधी शेजारपाजारची तरुण मुलंच नुसत्या हातांनी ढिगाऱ्यात बोगदे करून आत शिरली. लोक त्यांना ‘तोपोस’ म्हणू लागले. तोपो म्हणजे चिचुंदरीसारखा जमिनीखाली बिळं करणारा प्राणी. तुमच्या मुलानं ट्यूब आणि दोर घेऊन केलं तेच हे. पण ती मुलं तिथे थांबली नाहीत. त्यांनी रीतसर पथक बांधलं, शिकले, नव्यांना शिकवलं. पुढच्या काळात जगात कुठेही मोठा भूकंप झाला की तोपोस तिकडे पोचू लागले. 2010 ला हैती, 2023 ला तुर्कस्तान. जगाला ते माहीत आहेत ते पथक म्हणून.

त्याच शहरात खराखुरा झगेवाला सुपरहिरोही झाला. भूकंपात घरं गेलेल्या आणि घरमालकांनी हुसकावून लावलेल्या भाडेकरूंनी 1987 मध्ये वस्त्यांची एक संघटना उभी केली. त्याच वर्षी लाल पोशाख, पिवळा झगा आणि कुस्तीगिराचा मुखवटा घातलेला सुपरबारिओ त्यांच्यात अवतरला. कुणाला घराबाहेर काढत असतील तिथे तो जायचा, मोर्चाच्या पुढे चालायचा, अधिकाऱ्यांसमोर बसायचा. पण तो कधीच एकटा नसायचा. त्याच्या पाठीशी घराघरांतून आलेले शेकडो भाडेकरू असायचे. त्यांच्याशिवाय त्या झग्याला काही अर्थ नव्हता. मुखवट्याआड वेळोवेळी वेगवेगळी माणसं होती असंही सांगतात. खरं असेल तर मला ते फारच आवडतं. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं मुखवटा घालावा!

आणि तिथल्या सरकारनं काय केलं? 1986 मध्ये देशाची नागरी संरक्षण व्यवस्था उभी केली. 1991 पासून भूकंपाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा चालू केली. पुढे 19 सप्टेंबर हा दिवस सगळ्यांनी मिळून सरावाचा केला. 2017 मध्ये नेमक्या त्याच तारखेला सकाळी सराव झाला आणि दोनेक तासांत खरा भूकंप आला. त्या वेळची दृश्यं तुम्ही पाहिली असतील. ढिगाऱ्यावरचा एक जण मूठ वर करायचा आणि सगळी गर्दी क्षणात गप्प व्हायची, आत कुणी हाक मारतंय का ते ऐकू यावं म्हणून. दादा, ती मूठ वर करणाराही साधा माणूस आणि गप्प होणारेही साधे. मला तुमच्या वस्तीत हे झालेलं बघायचंय.

आता सांगलीचं बोलू. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे तुमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. तुमच्या मुलानं ज्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं, ती तोवर घरात का राहिली होती, हे मंडळानं कधी विचारलंय का? त्या वर्षी अनेकांनी 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण धरली होती. त्याच्या वर पाणी येणार नाही, माळ्यावर बसू, असं म्हणून माणसं थांबली. कुणाला जनावरं सोडवेनात, कुणाला चोरीची भीती, कुणाला उचलून न्यायला घरात माणूस नव्हता. त्या प्रत्येकाला पाणी उंबऱ्याला लागायच्या आदल्या दिवशी, कोरड्या पायांनी नेता आलं असतं. ट्यूब घेऊन मानेइतक्या पाण्यातून काढायची वेळ आली, याचा अर्थ आधीचा एक दिवस वाया गेला होता.

म्हणून मंडळाचं पहिलं काम वहीचं आहे. कोणत्या घराला आयर्विनच्या कितव्या फुटाला पाणी लागतं, हे तुमच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. ते लिहून काढा. त्याच घरापुढे लिहा, अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली कोण, डायलिसिसला कोण जातं, घरात म्हातारं जोडपं एकटंच आहे का, जनावरं किती. प्रत्येक घराला दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई असू दे, कारण पुरात घर सोडायचा निर्णय बरेचदा आत चुलीपाशी अडतो. पाणी ठरलेल्या फुटावर आलं की त्या दोघांनी दार वाजवायचं. तो मुलगा याही यादीत असावा, पण त्याच्या वाट्याला दोन-तीनच घरं द्यावीत, इतरांना असतील तेवढीच.

दुसरं काम शिकायचं. विसर्जनाच्या मिरवणुकीत तासन्‌तास दोर धरून गर्दी सांभाळणारी पोरं तुमच्याकडे आहेत, मंडप उभारणारी आहेत, त्यांना फक्त रीतसर शिक्षण नाही. केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना 12 दिवसांचं प्रशिक्षण मिळत आलंय, बचावाच्या सामानाची पेटी आणि गट विमाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि सध्या कोणतं प्रशिक्षण चालू आहे, पुढची तुकडी कधी आहे ते विचारा. तुकडी लांब असेल तर महापालिकेच्या अग्निशमन दलाला वस्तीत प्रात्यक्षिकाला बोलवा. हृदय बंद पडलेल्याची छाती कशी दाबायची, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं, दोर कसा फेकायचा, एवढं वीस जणांना आलं तरी गटारीपाशी नुसते फोन फिरवत कुणी उभं राहणार नाही. मुलींना वगळू नका.

चौकात फलक लावायचाच असेल तर त्यावर तातडीच्या मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108, अग्निशमनचा 101 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लिहा. खाली वहीतल्या नेमलेल्या माणसांपैकी त्या आठवड्याच्या पाळीतल्या दोघांची नावं खडूनं लिहा. उघड्या गटारीची लेखी तक्रार मात्र त्याच दिवशी महापालिकेत द्या आणि पोच घ्या. त्या गटारीवर झाकण बसवणं हे महापालिकेचं काम आहे. तुमच्या मुलाच्या धाडसानं आजवर ते काम झाकलं गेलं, हेही खरं आहे. एक माणूस उत्तम धावतोय म्हटल्यावर बाकीच्यांना निवांत बसता येतं, कार्यालयांनासुद्धा.

बोटीबद्दल माझं मत कडक आहे. 8 ऑगस्ट 2019 ला तुमच्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती बोट चालवणारे वाईट हेतूनं आले नव्हते. समोर रडणारी माणसं उभी असताना ‘आता बास, पुढच्या फेरीला’ असं म्हणणं हे शिकावं लागतं, आणि ते म्हणायला एका पोराच्या मागे कुणीतरी अधिकारी असावा लागतो. त्याच्या हाती बोट देऊन ‘आता वाचव’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. बोट अग्निशमन दलाकडे असू द्या, तिथे तिची देखभाल होईल आणि चालवणारा शिकलेला असेल. तुमच्या वर्गणीतून लाइफ जॅकेट, फेकायचे दोर, स्ट्रेचर, भोंगा, गमबूट घ्या. वर्गणीसाठी गणपतीला काढता तशी धर्मादाय कार्यालयाची 41 क ची परवानगी काढा, म्हणजे उद्या हिशेबावरून त्या मुलाच्या नावाला डाग लागणार नाही.

साप त्यानं धरू नयेत. वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर फळ्यावर लिहा.

आता त्याच्याविषयी. ‘बघा तुम्ही’ हे थकलेल्या माणसाचं उत्तर आहे. पंचविशी ओलांडलेला मुलगा, हातावरचं पोट, प्रत्येक हाकेला गॅरेजचं काम टाकून धावतो, आणि लेप्टोतून उठला तर आईला लोकांची बोलणी खावी लागलेली. त्याला मंडळाच्या बैठकीत विचारू नका. तिथे पंचवीस जणांपुढे तो ‘मला हे नको’ म्हणूच शकणार नाही. तुम्ही एकटे जा, त्याच्या आईच्या हातचा चहा घ्या आणि विचारा: यातलं तुला काय करायला आवडतं, काय नकोसं झालंय? फोन बंद ठेवायचा हक्क त्याला द्या आणि हे वस्तीत जाहीर सांगा. पुरात बुडत्या माणसाचे हात ज्यानं विशीत पाहिलेत, त्याला झोप लागते का हेही विचारा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 वर मोफत आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. सोबत तुम्ही बसा हवं तर.

दहीहंडीच्या गोविंदांना सरकार विमा देतं, आणि वस्तीसाठी पुरात उतरणाऱ्याच्या नावावर काहीच नाही, हे मला सहन होत नाही. बँकेत खातं असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा होतो. तेवढा तर उद्याच करा, वहीतल्या सगळ्या स्वयंसेवकांचा करा, आणि त्याच्यासाठी मंडळाच्या खर्चानं मोठा घ्या. कामावर खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी मंडळानं द्यावी. शाल-श्रीफळाचे पैसे तिकडे वळवा. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी लेप्टोसाठी प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून सगळ्यांची ती सोय करा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करताना त्याला पोलिसांची भीती वाटत असेल तर सांगा, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आलंय. जखमीला सद्‌हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

राहिली ती तक्रार. मोर्चा काढू नका दादा. तुम्ही पत्रात पाहुण्याबद्दल एकच ओळ लिहिलीत. रात्री परक्या गावात चार लोकांदेखत चोर म्हणून मार खाल्लेला माणूस आहे तो. मोर्चा त्याच्याविरुद्ध निघेल, आणि ज्या घरी तो आला होता त्या घराला वस्तीत राहणं कठीण होईल. कायदाही इथे स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो, पण त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून धरता येत नाही आणि हात तर उचलताच येत नाही. हे त्याला आजवर कुणी सांगितलं नाही, कारण आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. यापुढे रात्रीची गस्त एकट्यानं नाही, हे पोलीस ठाण्याला विचारून ठरवा. संशयित दिसला तर 112 ला फोन करायचा, लांबून लक्ष ठेवायचं, बास.

त्या मुलाला आधी वकील द्या. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळेल. मग त्या वकिलाला विचारूनच, ज्यांच्याकडे पाहुणा आला होता त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून, तुम्ही आणि तो मुलगा असे दोघेच पाहुण्याला भेटायला जा. माफी मागायची ती त्यानं, त्याच्या शब्दांत. ‘तो आमचा हिरो आहे, मोठं मन करा’ असं तुम्ही एकदाही म्हणू नका. दवाखान्याचा खर्च झाला असेल तर विचारा आणि द्या. साध्या दुखापतीचा गुन्हा दोन्ही पक्षांच्या संमतीनं मिटवता येतो, पण मिटवायचा की नाही हे ठरवायचा हक्क पाहुण्याचा आहे. तो नाही म्हणाला तर खटला होऊ द्या आणि प्रत्येक तारखेला मंडळातलं कुणीतरी त्या मुलाबरोबर न्यायालयात जाऊन बसा.